हात थरथरतात, फिल्म सोडावी का?

प्रश्न : माझे वय ७२ आहे. मामिया आरबी ६७ हा फिल्म कॅमेरा घेऊन पांडवलेणीच्या पायऱ्या चढणे आता झेपत नाही आणि संधिवातामुळे हातही थरथरतात. फिल्मवरची छायाचित्रे थांबवावीत का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : मुळीच थांबवू नका. आपला कॅमेरा लेन्ससह अडीच किलोंहून जड आहे. तो विकण्यापेक्षा घरी ट्रायपॉडवर ठेवून नातवंडांची व्यक्तिचित्रे काढावीत, त्या कामात त्याला तोड नाही. बाहेर नेण्यासाठी १९७०च्या दशकातला ऑलिंपस ओएम-१ पाहावा. त्याची बॉडी सुमारे ५१० ग्रॅमची असून शटर बॅटरीशिवाय चालते. मात्र प्रकाश मोजणाऱ्या मीटरची मूळ पाऱ्याची बॅटरी आता बनत नसल्याने तिचा पर्याय खरेदीपूर्वीच विचारून घ्यावा.

थरथरीवर खरा उतारा वेगवान शटरचा आहे. ४०० आयएसओची, म्हणजे प्रकाशाला अधिक संवेदनशील फिल्म घातली, की गोदाघाटावर सकाळच्या उन्हात १/५०० सेकंदाचा शटरवेग सहज मिळतो, आणि मोनोपॉडवर (एका पायाच्या स्टँडवर) कॅमेरा टेकवून केबल रिलीज (शटर दाबण्याची जोडतार) वापरल्यास दुखऱ्या बोटाने वरचे बटण दाबण्याची वेळच येत नाही. गळ्यातला अरुंद पट्टा मात्र आजच बदला. रुंद पट्टा खांद्यावरून तिरका घेतल्यास मानेवर भार येत नाही.