इन्व्हर्टर तीन फेजचा घ्या, पण बॅटरी पंधरा नव्हे, दहा युनिटची

प्रश्न थोडक्यात असा: घराला तीन फेजची जोडणी आहे. छतावर ८ किलोवॅटचे पॅनल बसवायचे आहेत. विक्रेत्याने १० किलोवॅटचा तीन फेजचा हायब्रिड (पॅनल, बॅटरी आणि वीज कंपनीची लाइन तिन्हींशी जोडलेला) इन्व्हर्टर आणि १५ युनिटची लिथियम बॅटरी सुचवली असून ‘अख्खं घर बॅकअपवर चालेल’ असं सांगितलं आहे. सूर्य मावळल्यापासून सकाळपर्यंत घरात साधारण ७ युनिट लागतात. आठवड्यातून दोनदा, दोन-तीन तास वीज जाते. निम्मे पैसे आपत्कालीन निधीतून आणि निम्मे ७ वर्षांच्या कर्जातून उभे करायचे आहेत. घ्यावं का?

कोटेशनमध्ये रक्कम एकच लिहिलेली असली तरी तुम्ही तीन वेगळ्या गोष्टी विकत घेत आहात. पॅनल बिल कमी करतात, बॅटरी दिवसाची वीज रात्रीला पुरवते आणि बॅकअप हा एक प्रकारचा विमा आहे. विम्याकडून परताव्याची अपेक्षा नसते, फक्त हप्ता परवडतो का एवढंच पाहायचं असतं. म्हणून आधी विक्रेत्याकडून तिन्हींचे आकडे वेगळे लिहून घ्या.

बॅटरीचा हिशेब पैशांत नको, युनिटमध्ये करा. १० युनिटच्या बॅटरीतला तळाचा दहावा भाग वापरायचा नसतो. वीज गेली तर हाताशी असावं म्हणून आणखी २० टक्के राखून ठेवलं, की रोजच्या वापराला ७ युनिट उरतात. भरताना आणि काढताना होणारी घट धरली तर घराला सुमारे ६.३ मिळतात. तुमची रात्रीची गरज ७ युनिटची आहे, म्हणजे ही बॅटरी जवळजवळ रोज पूर्ण कामाला लागेल. वर्षाचे ३३० दिवस धरा, वयानुसार क्षमता कमी होत जाते तेही धरा. १० वर्षांत साधारण १८,००० युनिट मिळतील. बॅटरीच्या किमतीला १८,००० ने भागा. जो आकडा येईल तो वीज घेण्याचा दर आणि जादा वीज ग्रीडला (वीज कंपनीच्या जाळ्याला) दिल्यावर मिळणारा दर यांच्यातल्या फरकापेक्षा कमी असेल, तरच बॅटरी स्वतःचा खर्च भरून काढते. ग्रीडला दिलेलं युनिट तुम्हाला जसंच्या तसं वळतं करून मिळत असेल, तर हा फरक शून्य होतो आणि बॅटरी निव्वळ विमा उरते. हा एक प्रश्न वीज कंपनीला विचारल्याशिवाय कुठेही सही करू नका.

आता उरलेली ५ युनिटं पाहा. ती फारशी वापरली जाणार नाहीत, कारण रात्रीची गरज पहिल्या १० मध्येच जवळजवळ भागते. त्यांचा खरा उपयोग लांबलेल्या भारनियमनात. तुमच्याकडे वीज दोन-तीन तास जाते आणि फ्रिज, दिवे, पंखे, राउटर मिळून सरासरी ४०० वॅट लागतात. राखून ठेवलेल्या २० टक्क्यांतून १.८ युनिट मिळतात, म्हणजे साडेचार तास. ५ युनिटच्या तिसऱ्या मॉड्यूलसाठी (बॅटरीच्या भागासाठी) व्याज भरण्याचं कारण मला दिसत नाही.

व्याजाचं म्हणाल तर द.सा.द.शे. १० दराने ७ वर्षांचं कर्ज घेतलं तर प्रत्येक १०० मागे सुमारे १३९ फेडावे लागतात. वरच्या भागाकारात बॅटरीची छापील किंमत न धरता हा फुगलेला आकडा धरा. आणि आपत्कालीन निधीला हात लावू नका, हे मी आग्रहाने सांगतो. छतावरचे पॅनल आजारपणात मोडून पैसे देत नाहीत. १५ ऐवजी १० युनिट घेतल्याने वाचणारी रक्कम निधीतच राहू द्या. तरीही कमी पडत असेल तर बॅटरी पुढे ढकला: बरेच हायब्रिड इन्व्हर्टर बॅटरीशिवायही चालतात, मात्र वीज गेली की तेव्हा पॅनलही बंद पडतात. तुमचं मॉडेल तसं चालतं का आणि बॅटरी नंतर जोडल्यास वॉरंटी टिकते का, हे लेखी घ्या.

‘अख्खं घर चालेल’ या वाक्यात सगळ्यात मोठी गफलत आहे. तीन फेजचा १० किलोवॅट इन्व्हर्टर म्हणजे प्रत्येक फेजला ३.३३ किलोवॅट, सुमारे १४.५ अँपिअर. गीझर ३ किलोवॅटचा आणि एसी १.५ चा एकाच फेजवर असतील, तर एकूण भार ५ किलोवॅटच्या आत असूनही तो फेज ओव्हरलोड होतो आणि बॅकअपवरचं सगळं बंद पडतं. काही मॉडेल एका फेजवर निम्म्या क्षमतेपर्यंत भार घेतात, काही तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त अजिबात घेत नाहीत. डेटाशीटमध्ये ‘असंतुलित भार’ ही ओळ शोधा. ती नसेल तर एक तृतीयांश हीच मर्यादा समजा.

दुसरी मर्यादा बॅटरीची. ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाच्या मॉड्यूलला सतत ५० अँपिअरचीच परवानगी असेल, तर दोन मॉड्यूल मिळून जेमतेम ५ किलोवॅट देतात. रात्री वीज गेली की तुमचा १० किलोवॅटचा इन्व्हर्टर ५ चाच होतो. १०० अँपिअर सतत देणारे मॉड्यूलही मिळतात. कोटेशनमध्ये नुसती युनिटं लिहून चालणार नाही, अँपिअरही हवेत.

पंपाचं वेगळं. २ एचपीचा तीन फेजचा पंप चालताना साडेतीन अँपिअर घेतो, पण थेट सुरू केला तर क्षणभर त्याच्या सहापट, म्हणजे वीसच्या पुढे. इन्व्हर्टर थोडा वेळ दीडपट भार सोसणारा असला तरी घरातलं इतर काही चालू असेल तर तो बंद पडण्याची शक्यता मोठी. व्हीएफडी (मोटर हळूहळू सुरू करणारं उपकरण) बसवून हे सुटतं, पण स्वस्त उपाय असा की पंप बॅकअपवर घ्यायचाच नाही, दुपारी उन्हात टाकी भरून घ्यायची. भरलेली टाकी हीच पंपाची बॅटरी. गीझरलाही हाच न्याय.

म्हणजे डीबीचे (वीज वाटणाऱ्या पेटीचे) बॅकअपचा आणि बाकीचा असे दोन भाग करावे लागतील आणि चुका नेमक्या इथेच होतात. बॅकअपच्या सर्किटांचे न्यूट्रल वेगळे काढायला हवेत. बॅकअपचा आणि ग्रीडकडचा न्यूट्रल एकत्र बांधला की आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) वारंवार पडते. तीन फेजमध्ये न्यूट्रल सैल झाला तर कमी भाराच्या फेजवरचा दाब २३० व्होल्टच्या कितीतरी वर, ४०० च्या दिशेने सरकतो आणि फ्रिज-टीव्ही जळतात. ग्रीड तुटल्यावर न्यूट्रल-अर्थ जोड इन्व्हर्टर स्वतः करतो की बाहेरून रिले लागतो, हेही विचारा. तो जोड नसेल तर बॅकअपवर असताना आरसीसीबी गळती ओळखेलच असं नाही. सीटी (तारेतला प्रवाह मोजणारी कडी) उलटी बसली किंवा फेजांची अदलाबदल झाली, तर इन्व्हर्टर घरचा वापर चुकीचा मोजतो आणि बॅटरी नको त्या वेळी भरतो किंवा रिकामी करतो. बिल आल्याशिवाय हे कळत नाही.

हाताने फिरवायचा बायपास चेंजओव्हर (इन्व्हर्टर वगळून ग्रीड थेट जोडणारा स्विच) कोटेशनमध्ये बहुधा नसतो. ग्रीडची वीज इन्व्हर्टरमधून बॅकअप डीबीला जात असते. इन्व्हर्टर दुरुस्तीला गेला की खांबावर वीज असूनही फ्रिज बंद. एकूण खर्चाच्या मानाने चेंजओव्हर किरकोळ आहे, तो घ्याच.

डेटाशीटमध्ये इन्व्हर्टरचा स्वतःचा वापरही पाहा. २४ तास ८० वॅट घेणारा इन्व्हर्टर वर्षाला ७०० युनिट खातो, म्हणजे बॅटरी वर्षभरात देते त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. बॅटरीची वॉरंटी वाचताना वर्षांबरोबर एकूण ऊर्जेची मर्यादा आणि शेवटी उरणारी क्षमता, ६० की ७० टक्के, हे दोन्ही पाहा. वर्षं किंवा ऊर्जा, जे आधी संपेल तिथे वॉरंटी संपते. पॅनलच्या आयुष्यात इन्व्हर्टर एकदा बदलावा लागेल असं धरून आजच्या त्याच्या किमतीचा बारावा भाग दरवर्षी बाजूला टाका.

विक्रेत्याला रकमेचा शेवटचा दहावा हिस्सा चाचणीनंतरच द्या. अंधार पडल्यावर ग्रीडचा मेन स्विच खाली करा, बॅकअपवरची नेहमीची उपकरणं तासभर चालवा, प्रत्येक फेजचा दाब आणि अँपिअर क्लॅम्प मीटरने लिहून घ्या, आरसीसीबीचं चाचणी बटण दाबा. मग मेन परत वर करून संगणक किंवा राउटर बंद पडतो का ते पाहा.