शोधनिबंध मार्चमध्ये लिहायचा नसतो

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा आराखडा मिळाला. एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना शोधनिबंध लिहायला शिकवण्यासाठी तू आठ व्याख्याने योजली आहेस. त्यांतली पहिली दोन ठेव आणि उरलेल्या तासांना मुलांना प्रयोगशाळेत ने. शोधनिबंधाचे भाग तोंडपाठ असणारा विद्यार्थी निबंध लिहू शकतोच असे नाही, हे मी फार उशिरा शिकलो.

सुरुवातीची काही वर्षे मीही प्रकल्प जुलैमध्ये देत असे आणि लेखन मार्चमध्ये मागत असे. निम्म्या अहवालांची प्रस्तावना ‘पाणी हे जीवन आहे’ या वाक्याने सुरू होई आणि नमुना नेमका कोणत्या विहिरीचा, हे मात्र वहीत शोधूनही सापडत नसे. दोष मुलांचा नव्हता. आठ महिन्यांपूर्वीच्या कामाचे वर्णन आठवणीतून करायला मीच त्यांना सांगत होतो.

प्रकल्प साधा असू दे. परिसरातील विहिरी आणि बोअर यांच्या पाण्याची दुष्फेनता, म्हणजे जडपणा, ईडीटीए अनुमापनाने (ईडीटीए हे रसायन बुरेट या खुणांच्या काचनळीतून रंग बदलेपर्यंत सोडून) काढणे कोणत्याही महाविद्यालयाला परवडते. मात्र ‘पाण्याच्या गुणवत्तेचा अभ्यास’ हे शीर्षक झाले, प्रश्न नव्हे. ‘ओढ्यालगतच्या उथळ विहिरी आणि माळावरचे खोल बोअर यांच्या दुष्फेनतेत पावसाळ्यानंतर किती फरक असतो?’ असे एका वाक्यात लिहून दिल्याशिवाय कोणालाही बुरेट हाती देऊ नकोस.

ज्या दिवशी अनुमापन, त्याच संध्याकाळी कार्यपद्धती लिहून व्हायला हवी. पुढच्या आठवड्यात गटांच्या वह्यांची अदलाबदल कर आणि प्रत्येक गटाला दुसऱ्याच्या मजकुरावरून, एकही प्रश्न न विचारता, तोच प्रयोग करायला लाव. माझ्या वर्गात एका गटाने सामू १० ठेवणाऱ्या बफरचा उल्लेखच केला नव्हता. वाचणारा गट ईडीटीए सोडत राहिला आणि दर्शकाचा द्राक्षासवी लाल रंग काही स्पष्ट निळा होईना. ‘तुम्ही लिहिलंच नाही!’ हे वर्गमित्राच्या तोंडून ऐकल्यावर जे उमगते, ते माझ्या लाल शाईने कधी उमगले नव्हते.

आकड्यांवर थोडा जास्त वेळ दे. ५० मिलिलिटर नमुना आणि ०.०१ मोलर ईडीटीए घेतल्यास बुरेटवरचा १ मिलिलिटर म्हणजे लिटरमागे सुमारे २० मिलिग्रॅम दुष्फेनता. तीन वाचने २०.६, २०.७ आणि २०.६ आली, की मुले गणकयंत्रावरचे ४१२.६६६७ जसेच्या तसे कोष्टकात उतरवतात. बुरेटची एक बारीक रेघच २ मिलिग्रॅमची आहे, मग दशांशानंतरचे चार अंक कोठून आले, एवढेच विचार आणि गप्प बस. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० ही स्वीकारार्ह आणि पर्यायी स्रोत नसल्यास ६०० ही अनुज्ञेय मर्यादा आहे. आपले ४१३ या दोन आकड्यांच्या मध्ये पडते, याचा अर्थ काय, तेही त्यांनाच लिहू दे.

चर्चेच्या भागात मुले हमखास घसरतात. बोअरचे पाणी जास्त जड निघाले, की ‘खडकाशी दीर्घ संपर्कामुळे दुष्फेनता वाढते हे सिद्ध झाले’ असे वाक्य येते. एका दिवशी गोळा केलेल्या बारा नमुन्यांवरून ती शक्यता म्हणून मांडता येते, सिद्ध होत नाही. हा वाद आधी मराठीतून होऊ दे. विचार पक्का झाला की इंग्रजीही सरळ होते, नाहीतर भाषेच्या धाकापोटी मुले कोठून तरी परिच्छेद उचलतात. प्रस्तावना त्यानंतर आणि सारांश सर्वांत शेवटी लिहून घे. गुणांचे म्हणशील, तर निम्मे तरी मसुद्यांना आणि दुरुस्त्यांना ठेव.

प्रकाशनाची घाई तुझ्यावर लादली जाईल. पैसे भरले की आठवड्याभरात लेख छापणारी नियतकालिके मुलांना सापडतातच, आणि २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांची केअर यादी बंद केल्यापासून नियतकालिकाची पारख संस्थेने आणि शिक्षकानेच करायची आहे. चांगला निबंध नाहीच छापला गेला, तर तो विभागाच्या कपाटात राहू दे. पुढच्या वर्षीचे विद्यार्थी त्याच विहिरींवरून पुढे जातील.

पहिली अदलाबदल ऑगस्टअखेर होईल असे धरतो. दोन गटांची कार्यपद्धती, खाडाखोडीसकट, मला पाठव. स्वच्छ प्रत करू नकोस.