डबी फेकू नका, केस पेपर मागून घ्या

प्रश्न : गोरेपणाचं क्रीम वर्षभर लावलं. पाय सुजले, लघवीतून प्रथिनं जातात. डॉक्टरांना क्रीममधल्या पाऱ्याचा संशय आहे. दाव्यासाठी काय जपू? (लालबाग)

उत्तर : आधी ती डबी. तळाशी थोडंच उरलं असलं तरी पुसू नका, दुसऱ्या डबीत काढू नका. झाकण घट्ट लावून पिशवीत ठेवा. बॅच नंबर, तारीख, उत्पादक किंवा आयातदाराचा पत्ता यांचे फोटो काढा. चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत आलेला पारासुद्धा दशलक्षात १ भागापलीकडे चालत नाही. ग्राहक आयोग (जिथे तुमचा दावा चालेल) नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो, म्हणून सगळं क्रीम खासगी तपासणीतच संपवू नका.

मग तारखा : क्रीम कधी सुरू केलं, सूज कधी आली, कधी बंद केलं, नंतरचे रिपोर्ट काय म्हणतात. बहुतेक फायली मार खातात त्या पुढच्या गोष्टीत. डॉक्टर तोंडी म्हणतात, "क्रीममुळेच असणार," आणि केस पेपरवर नुसतं आजाराचं नाव! तो संशय क्रीमच्या नावासकट लिहून घ्या. रक्त-लघवीतल्या पाऱ्याची तपासणी लांबवू नका. क्रीम थांबलं की पातळी उतरत जाते.

प्रश्न : क्रीम मिस्टरांनी आणलेलं, बिल नाही. (विक्रोळी)

उत्तर : खरेदी त्यांची असली तरी त्यांच्या संमतीने वापरणाऱ्या तुम्हीही ग्राहकच. यूपीआयची नोंद काढा. बिल न देणं ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, तेव्हा दुकानदारापुढे गप्प बसू नका. आणि पावती मिळालीच, तर आजच झेरॉक्स काढा. तो चकचकीत कागद पांढरा पडतो.

प्रश्न : हॉस्पिटल केस पेपर द्यायला टाळाटाळ करतंय.

उत्तर : लेखी अर्ज द्या, पोच घ्या. २००२च्या वैद्यकीय नियमांनुसार ७२ तासांत कागद द्यावे लागतात. दाखल रुग्णाची नोंद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षंच जपण्याचं बंधन आहे, त्यामुळे उशीर करू नका.

प्रश्न : मुदत किती? भरपाई मोठी मागितली तर फी वाढेल? (बोरिवली)

उत्तर : मुदत २ वर्षं. कधीपासून, यावर समोरचा वकील वाद घालणारच. तुम्ही पहिल्या निदानापासून मोजा. फी वस्तूच्या किमतीवर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही. ५ लाखांपर्यंत ती शून्य. उपनगरवाल्यांचा जिल्हा आयोग वांद्र्याला. वकील न देताही तक्रार चालवता येते, पण पाऱ्याच्या प्रकरणात मी वकील घ्या असंच सांगेन.