व्यायामाने आईचे गुडघे जास्त दुखायला लागले, बंद करावा का?

तुमच्या प्रश्नातली माहिती अशी: आईचं वय ५८, वजन ७४ किलो, एक्स-रेमध्ये दोन्ही गुडघ्यांत हाडांमधला गॅप कमी, म्हणजे झीज. सांगितलेला व्यायाम दहा दिवस केला, दुखणं वाढलं म्हणून सोडला, आणि आता झीज वाढली की काय अशी भीती वाटतेय. मी फिजिओथेरपिस्ट आहे. दहा दिवसांच्या व्यायामाने गुडघा झिजत नाही. बहुतेक व्यायामाची मात्रा चुकली आहे.

मात्रा मोजायची ती दुसऱ्या दिवशी सकाळी. व्यायाम करताना दहापैकी तीन-चार इतकं दुखलं तर चालतं. सकाळी उठल्यावर गुडघा रोजच्यासारखाच असेल तर मात्रा बरोबर. सूज दिसली किंवा दुखणं रोजच्यापेक्षा जास्त असेल तर जितक्या वेळा करता तो आकडा निम्मा करा, पण पूर्ण बंद करू नका. बंद केलं की मांडीचा पुढचा स्नायू आणखी सुटतो आणि चालताना बसणारा धक्का पेलायला सांध्याला आधार उरत नाही.

सुरुवात पलंगावर करा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, पाच सेकंद धरायचं, दहा वेळा, दिवसातून दोनदा. मग दुसरा पाय दुमडून हा पाय सरळ ठेवून फूटभर उचलायचा. उचलताना गुडघा वाकत असेल तर स्नायू अजून तयार नाही. आणखी काही दिवस गुंडाळीच दाबा. श्वास रोखायचा नाही, विशेषतः बीपी असेल तर. मोठ्याने आकडे मोजले की श्वास आपोआप चालू राहतो.

बहुतेकांचा व्यायाम इथेच अडकतो, महिनोन्‌महिने फक्त पाय उचलणं. जिना चढायला आणि खुर्चीतून उठायला लागणारी ताकद पायावर भार घेतल्याशिवाय येत नाही, म्हणून माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा व्यायाम खुर्चीवरून उठ-बस हाच. खुर्ची भिंतीला टेकवा. प्लॅस्टिकची खुर्ची टाइल्सवर सरकते, ती नको. बैठकीवर दोन जाड चादरी घडी करून ठेवा, म्हणजे उंची २०-२१ इंच होईल. पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे, टाचा जमिनीवर. कमरेतून पुढे झुकून दोन सेकंदांत उठायचं आणि चार सेकंदांत हळूहळू बसायचं. आठ वेळा, एक मिनिट विश्रांती, पुन्हा आठ. एक दिवसाआड.

चुका होतात त्या तीन. पावलं पुढे राहिली की गुडघ्यावर उगाच ताण येतो. गुडघे आत, एकमेकांकडे झुकतात. समोर आरसा ठेवला तर लगेच दिसतं. आणि शेवटच्या चार इंचांत माणूस धप्पकन बसतो, तिथेच तर स्नायूला काम असतं. बारा-बाराचे तीन सेट सहज जमले की एक चादर काढा.

रात्री गुडघ्याखाली उशी घेत असतील तर ती सवय मोडा. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण गुडघा हळूहळू वाकलेलाच राहतो. त्याऐवजी टाचेखाली गुंडाळी ठेवून पाच-दहा मिनिटं पाय सरळ सैल सोडावा.

चालणं सपाटीवर, दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून. आपल्या नागपुरात फुटाळा तलावाच्या काठी ठीक, सेमिनरी हिल्सचा उतार सध्या नको; उतरताना गुडघ्यावर चढण्यापेक्षा जास्त भार येतो. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा उजाडताच बाहेर पडा, नाहीतर घरातच हॉलमध्ये फेऱ्या मारा. उन्हाळ्यात दोन महिने खंड पडला तर कमावलेलं बरंच जातं. काठी घ्यायची तर जास्त दुखणाऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. एक किलो वजन उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो, म्हणजे पाच किलोंचे वीस.

करंटची मशीन आणि शेक यांनी काही तास आराम पडतो. पैसे मर्यादित असतील तर ते मशीनच्या दहा सिटिंग्जवर घालू नका. व्यायाम तपासून पुढची पायरी ठरवून देणाऱ्याकडे तीन-चार भेटी घ्या. मेडिकलमध्येही, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, फिजिओथेरपी विभाग आहे.

गुडघा अचानक लाल-गरम होऊन सुजला, ताप आला, मध्येच अडकून सरळ होईना किंवा पोटरी सुजली, तर व्यायाम थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा.

आज एक आकडा लिहून ठेवा: चादरी न ठेवता, हात छातीवर बांधून, ३० सेकंदांत आई खुर्चीवरून किती वेळा पूर्ण उठतात. हात टेकावे लागले तर शून्य लिहा. सहा आठवड्यांनी त्याच खुर्चीवर पुन्हा मोजा. दुखणं उतरायला आठ-बारा आठवडे लागतात, पण हा आकडा त्याआधी वाढायला लागतो.