कारण सापडेपर्यंत

पोरी,

परवा फोनवर तू विचारलंस, "काका, पायाले काहीच दिसत नाही, मंग ते लंगडते काऊन?" आवाज नीट येत नाही म्हणून मी फोन ठेवून दिला. आवाज चांगला येत होता. उत्तर माझ्याजवळ नव्हतं, आणि जन्म घोड्यांत काढलेल्या माणसाच्या तोंडून तसं निघत नाही. म्हणून लिहितो.

पोळ्याच्या चिखलात घोडीला बाहेर काढली, नाल उशिरा मारली, असे गुन्हे रात्रभर मोजत बसू नकोस. डॉक्टरांनी चिमट्याने खूर दाबून पाहिला, पू नाही. एक्सरे साफ आला. याचा अर्थ "काहीच नाही" असा होत नाही. एक्सरेत हाड दिसतं, शिरा दिसत नाहीत. शिरा म्हणजे रक्ताच्या नव्हेत, स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीसारख्या. त्यासाठी सोनोग्राफी लागते. आणि हाडाला केसासारखी बारीक चीर असेल तर ती पहिल्या दिवशी निसटते, दहा-पंधरा दिवसांनी काढलेल्या फोटोत कधी कधी सापडते. म्हणून पुन्हा फोटो काढायला सांगितला तर "पैसे उकळतात" म्हणू नकोस.

गावात प्रत्येकजण खांदा दाखवेल. "खांद्यात वात धरला" हे आपल्याकडचं ठरलेलं निदान, कारण खांदा मोठा, चोळायला सोपा. पुढच्या पायाचं दुखणं बहुतेक वेळा खाली असतं, खुरात किंवा खुराच्या आसपास. कोणता पाय, हेही नीट बघून घे. मी तुझ्या वयाचा असताना महिनाभर चुकीचा पाय चोळला. तिला कडक, सपाट जागेवर दुडकी चालीने सरळ पळव आणि डोकं बघ. दुखरा पुढचा पाय टेकताना डोकं वर जातं, चांगला टेकताना खाली येतं. मोबाइलवर काढून ठेव, दर पंधरा दिवसांनी त्याच जागी, पण डॉक्टर हो म्हणाले तरच पळव.

आता विचारायच्या गोष्टी. पाय सुन्न करून तपासतात. इंजेक्शन खालून वर देत जातात, आणि ज्या टप्प्यावर घोडी सरळ चालायला लागते त्याच्या खाली दुखणं. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा अकोल्याच्या पदव्युत्तर संस्थेत हे होईल का, ते फोन करून विचार. जाण्याआधी दुखणं मारणारी औषधं किती दिवस बंद ठेवायची तेही विचार, नाहीतर तिथे ती सरळ चालेल आणि तुझं भाडं वाया जाईल. सोबत रक्त तपासून घे. पावसाळ्यानंतर चावऱ्या माश्यांमुळे सर्रा नावाचा रोग होतो, त्यात ताप येतो-जातो, पायांना सूज येते, मागचा भाग डगमगतो. ते लंगडणं पायाचं नसतंच. आणि धनुर्वाताची लस झाली नसेल तर ती आधी. खुरात एक खिळा रुतला तरी घोडं त्याने जातं.

मेडिकलवाल्याकडून "ढोरांचं दुखण्याचं" म्हणून काही आणू नकोस. डायक्लोफिनॅक तर जनावरांसाठी २००६ पासून बंदच आहे, गिधाडं त्यानेच संपली. माझ्या लहानपणी गावाबाहेर मेलेल्या ढोरावर ती थव्याने उतरायची, तू पाहिली नसशील. डॉक्टरांनी दिलेली गोळीसुद्धा त्यांनी सांगितली तेवढेच दिवस. घोड्याच्या पोटात त्याने जखमा होतात. त्याहून वाईट म्हणजे दुखणं झाकलं जातं. हे मला कोणी शिकवलं नाही. एका लग्नसराईत बयाणा घेतला होता, घोडी थोडी लंगडत होती, मी इंजेक्शन दिलं आणि तिला वरातीत नाचवली. खाटेवर चढली, लोकांनी नोटा ओवाळल्या. सकाळी तिला उभं राहता येईना. मग घाबरून मी पायाला डाग देवविला. तो वास अजून नाकात आहे. डाग देण्याने घोडं बरं झालं असं लोक सांगतात, ते त्यानंतर सक्तीने मिळालेल्या आरामाने बरं होतं. पुढे ती वावरातून चरत फिरायची, वरातीत कधी गेली नाही.

तेव्हा तुळशीच्या लग्नाआधी सगळे बयाणे परत कर. पाटलाचाही. तो रागावेल, रागावू दे. बाबांचं नाव घेऊन कोणी तुला भरीस घालील, त्यालाच माझ्याकडे पाठव.

आरामाचं सांगतो, कारण इथेच लोक चुकतात. आराम म्हणजे बांधून ठेवणं असं आपल्याला वाटतं. पिछाडी, म्हणजे मागच्या पायांचा दोर, काढ. कोठ्याच्या सिमेंटवर तिला उभी करू नकोस. बारा बाय बारा फुटांची जागा बांबूने अडव, खाली वाळू किंवा सुकं गवत जाड पसर. चंदी, म्हणजे दाणा, आजच्या आज कमी कर, उद्यापासून नाही. काम बंद आणि दाणा चालू, यात खूर आतून सुजतो, आणि मग एका पायाचं दुखणं चारही पायांवर येतं. ढेप, म्हणजे पेंड, तर अजिबात नको, ती बैलांसाठी. कडबा बारीक कापून थोडा थोडा दिवसभर दे, घोड्याचं पोट रिकामं राहायला नको. हिरवी, कोवळी ज्वारी टाळ. पाणी समोर भरलेलं ठेव, दिवसाला तीस-चाळीस लिटर ती सहज पिते. पाणी कमी झालं, लीद घट्ट झाली की पोट धरतं, आणि मग पायाची गोष्ट कोणाला आठवत नाही.

एक बकरी सोबत ठेव. हसू नकोस. घोडं एकटं खुळावतं.

रोज सकाळी खरारा करताना दोन्ही पुढच्या खुरांवर हात ठेव, चांगल्या पायावरसुद्धा. सगळा भार तो उचलतो, त्यामुळे तोच आधी बिघडू शकतो. खुराच्या वरच्या सांध्याच्या मागे बोट लाव. तिथली नाडी निरोगी पायात शोधावी लागते. न शोधता उडायला लागली, खूर गरम लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर. खुराच्या तळव्यातला त्रिकोणी मऊ भाग रोज साफ कर, आपली काळी माती तिथे अडकून सडते आणि वास येतो.

हे सगळं वहीत लिही: तारीख, लीद, पाणी, गरम की थंड, कशी उभी होती. दोन ओळी पुरे. एक गंमत सांगतो. नालबंदाकडून खुरावर, केसांच्या रेषेखाली, कानसाने बारीक खूण करून घे. खूर महिन्याला साधारण ८ ते १० मिलिमीटर वाढतो. ती खूण खाली सरकत जाईल. शिरेची इजा असेल तर नऊ महिने ते वर्ष लागतं, म्हणजे खूण जवळपास जमिनीला टेकेपर्यंत. भिंतीवरच्या कॅलेंडरने जीव जातो, खुरावरच्याने तेवढा जात नाही, निदान मला तरी.

सगळ्यात अवघड दिवस ती बरी दिसेल तो. कान टवकारलेले, पाय आपटते, सुटायचा हट्ट. तू तिला वावरात सोडशील आणि ती चौखूर उधळेल. तीन महिने एका मिनिटात जातील. डॉक्टरांनी म्हटल्यावरच हाताने धरून पाच मिनिटं, सरळ, सडकेच्या कडेने. आठवडाभराने आणखी पाच. गोल फिरवायचं नाही, भेगाळलेल्या रानात न्यायचं नाही.

वर्षानंतर ती नाचेल का, मी सांगू शकत नाही. नाही नाचली तर शिंगरू घेता येईल का, विकायची की ठेवायची, ते तेव्हा बोलू. आज कोणी गिऱ्हाईक घेऊन आलं तर दारातूनच परत पाठव. लंगड्या घोडीचा भाव करणारा माणूस तिला कुठे नेणार हे तुला कळत असेल.

नालबंद बुधवारी येईल, मी सांगून ठेवलं आहे. चारही नाला काढायच्या. तेव्हा घोडीला तूच धर, बाबांनंतर ती दुसऱ्या कोणाच्या हातात पाय देत नाही.

तुझा
काका