विचारा ताईंना: म्हार्दोळची जायां

प्रश्न: ताई, ऑगस्टमध्ये पुण्याहून नणंद येतेय, दोन मुलं घेऊन. ती म्हणते बीच खूप झाले, फुलांचा नि जत्रेचा गाव दाखव. फोंड्याजवळच्या म्हार्दोळला न्यावं म्हणतेय. कधी जाऊ, आणि फुलांच्या बागेत आत सोडतात का? – एक वाचक, मडगाव

उत्तर: अगो, न्या न्या. पण जत्रा आणि जायां, म्हणजे आपली जाईची फुलं, एकाच फेरीत मिळायची नाहीत हे नणंदेला आधीच सांग. इथल्या महालसा देवीची जत्रा माघात, आणि जायांचा खरा बहर पावसात, त्यामुळे तुझ्या वाट्याला फुलं आलीत आणि खरं सांगू तर तेच बरं, जत्रेच्या गर्दीत दोन मुलांचे हात धरून फिरायचं म्हणजे जत्रेतलं गोड खाजं घ्यायलासुद्धा हात मोकळा राहत नाही.

सकाळी जाऊ नकोस. मी एकदा मे महिन्यात, तेही भर दुपारी बारा वाजता गेले होते जायां घ्यायला (हसू नका), हातात अबोलीची फाती (गजरा गो) घेऊन परत आले. जाईची कळी उमलते संध्याकाळी. पांढरी, पाठीमागे किंचित गुलाबी, आणि वास असा की फाती दिसायच्या आधी कळतं कुठे बसल्यात विकणाऱ्या बायका. देवळाजवळ घ्या, केळीच्या पानात बांधून देतात. दुसऱ्या दिवशी सकाळी कोमेजतात, म्हणून पुण्याला न्यायचा हट्ट नको.

इथली जाई म्हणजे फुलकार समाजाची शेती, घराभोवती नि मळ्यात लावलेली. आत जायचं तर मालकाला विचारून, आणि मुलांना सांग कळी तोडायची नाही, ती कळी म्हणजे त्यांचा त्या दिवसाचा धंदा आहे हो. जोराचा पाऊस झाला की कळ्या खराब होतात, त्या दिवशी भाव चढला तर कुरकुरू नकोस.

ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास महालसेच्या देवळात जायांची पूजा असते, देवी नि देऊळ सगळं जायांनी भरून जातं, गोव्यातून लोक येतात. तारीख देवळात फोन करून विचार, ती साधली तर नशीबच. पण त्या दिवशी गाडी लांब लावावी लागेल. हे देऊळ मूळचं वेर्ण्याचं बरं का, पोर्तुगीजांच्या काळात सोळाव्या शतकात देवीला इथे आणलं, नणंदेला सांग, पुण्याच्या लोकांना इतिहास आवडतो. मुलांना अंगणातली उंच पितळी समई दाखव, एकावर एक दिव्यांची वर्तुळं, ती मोजत बसतील, तुम्हाला तेवढा वेळ मोकळा. अंगभर कपडे घालून जा, शॉर्ट्सवाल्यांना अडवतात.

बसने यायचं तर फोंड्याला उतरून पणजीची बस धरा, म्हार्दोळ वाटेतच लागतं. मंगेशीही पुढे जवळच आहे, पण दोन्ही देवळं एका संध्याकाळी करायची घाई करू नका, आणि फाती घेतल्यावर परतताना गाडीत एसी लावू नकोस, काचा खाली कर नि पावसाच्या वाऱ्यात तो वास येऊ दे.