सहस्रनाम म्हणायचंय ना, मग घाई नको

बेटा,

तुझा मेसेज वाचला. इंदूरच्या विजयनगरला ऑफिसला जाताना इयरफोन लावून विष्णुसहस्रनाम ऐकते, चालेल का म्हणून विचारलंस. चाल कानात बसायला ऐकणं चांगलंच गं, पण थोडं का होईना स्वतःच्या तोंडाने म्हण, मोठ्याने आणि सावकाश.

हल्ली जो तो आवर्तनं मोजतो, इतकी गाडी पळवतात की कुठलं नाव कुठे संपलं पत्ताच लागत नाही. पहिलीच ओळ बघ, विश्वं विष्णुर्वषट्कारो भूतभव्यभवत्प्रभुः, यात 4 नावं आहेत आणि शेवटचं ते लांबलचक एकच नाव आहे, होऊन गेलेलं, होणारं आणि आत्ताचं, सगळ्याचा स्वामी. लोक नेमका तिथेच मधे श्वास घेतात. म्हणून पदच्छेद दिलेली, म्हणजे शब्द सुटे करून दाखवलेली प्रत घे, रोज दोन-तीन श्लोक, पेन्सिलने खुणा करत.

उच्चाराचं म्हणशील तर आपल्या इंदूरात शाळा हिंदी नि घर मराठी, त्यामुळे क्षेत्रज्ञ आलं की अर्धे जण 'ग्य' म्हणतात अर्धे 'द्न्य' आणि मग वाद. त्यात पडू नकोस, ज्यांच्यासोबत बसशील त्यांच्यासारखं म्हण. विसर्ग मात्र खाऊ नकोस.

विष्णु हे नाव 3 वेळा का येतं असंही विचारलं होतंस ना, तर शंकराचार्यांनी भाष्यात अशा परत येणाऱ्या नावांचे अर्थ वेगवेगळे लावलेत, हळूहळू वाच.

आणि हे सगळं कोण कोणाला सांगतंय ते विसरू नकोस. महाभारताच्या अनुशासनपर्वात भीष्म शरपंजरी पडलेत आणि विचारणारा युधिष्ठिर युद्ध जिंकूनही आतून पार मोडलेला आहे, आपलीच माणसं गेली म्हणून. भीष्म म्हणतात ही नावं गुणांवरून पडलेली, ऋषींनी गायलेली. म्हणून मला वाटतं मन जड असेल तेव्हा तर नक्की म्हणावं, 'मूड नाही' म्हणून सोडू नये.

तुझं काम दुसऱ्याच्या नावावर गेलं म्हणून परवा रडत होतीस, तर आठवडाभर सहस्रनामातलं एवढंच धरून ठेव: अमानी मानदो मान्यो. ज्याला स्वतःचा अभिमान नाही, जो दुसऱ्याला मान देतो आणि तरी सगळ्यांना मान्य आहे. गप्प बस असं नाही म्हणत मी, हक्काने बोल ऑफिसात, पण रात्रभर जळत नको राहूस.

एकादशीला सहस्रार्चन करायचं म्हणतेस, छान! तेव्हा श्लोक नाही, नामावली घ्यायची, ॐ विश्वस्मै नमः, ॐ विष्णवे नमः, आणि दर नावाला एक तुळशीपान. तुळस आदल्या दिवशीच काढून ठेव, आपल्याकडे एकादशी-द्वादशीला तोडत नाहीत. हजार पानं नाही जमली तर फुलांच्या पाकळ्या चालतात, त्यासाठी कुंडीतली बिचारी तुळस ओरबाडू नकोस.

तुझी काकू